शेजारधर्म पाळायला धर्म लागतो का?

एका वाचकाचा प्रश्न आहे: "आमचे शेजारी पक्के नास्तिक. घरात देव्हारा नाही, दिवाळीला आकाशकंदील तेवढा. आई न्हाणीघरात पडली तेव्हा रात्री दोनला तेच गाडी काढून आले. आभार मानले तर म्हणाले, 'अहो, शेजारधर्म आहे तो.' देवधर्म न मानणाऱ्याच्या तोंडी हा शब्द विसंगत नाही का? 'शेजारकर्तव्य' म्हणावं का?"

'शेजारकर्तव्य' एकदा मोठ्याने म्हणून बघा. सोसायटीच्या फलकावरची सूचना वाटते, खाली सचिवांची सही तेवढी राहिलीय.

शेजाऱ्यांचं काहीही चुकलेलं नाही. 'धर्म' हा 'धृ' धातूवरून आलेला शब्द. धरून ठेवतो तो धर्म. शाळेत पाण्याचे गुणधर्म पाठ करताना पाणी कुठला देव मानतं, असं आपण गुरुजींना विचारलं नव्हतं. देहधर्म उरकायला कुणी देवळात जात नाही. दारावर येऊन 'धर्म करा माय' म्हणणारा पूजा सांगत नसतो, भाकरी मागत असतो. धर्मार्थ दवाखाना म्हणजे फुकट दवाखाना, आणि देवळांच्या न्यासांसोबत शाळा-वाचनालयांच्या न्यासांचाही हिशेब ठेवणारा सरकारी अधिकारी धर्मादाय आयुक्तच. राजधर्म, आपद्धर्म, शेजारधर्म या सगळ्यांत अर्थ एवढाच, की तुम्ही जे आहात, ज्या जागी आहात, त्यामुळे जे तुमच्या वाट्याला येतं ते.

सोपी कसोटी हवी असेल तर 'निधर्मी' आणि 'अधर्मी' शेजारी शेजारी ठेवा. निधर्मी माणूस फॉर्मवरचा धर्माचा रकाना कोरा सोडतो. (तशी मुभा आहे, धर्म लिहायची सक्ती सरकार करू शकत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलंय.) अधर्मी माणूस मात्र रोज अभिषेक करून भावाची जमीन लाटत असतो. घटनेच्या मराठी प्रास्ताविकेत 'धर्मनिरपेक्ष' आहे, हिंदीत 'पंथनिरपेक्ष'. मला हिंदीचा शब्द जास्त नेमका वाटतो. आपला अक्षरशः घेतला तर सरकारने शेजारधर्मही पाळायला नको!

पण मग बरं वागण्यासाठी आणि देवापुढे हात जोडण्यासाठी एकच शब्द का? माझं मत असं, की माणसं ज्या शब्दाकडे आधीच धावत होती, त्याच शब्दात शहाण्यांनी वागणूक भरली. अशोकाचा नववा शिलालेख बघा. त्याचा एक तुकडा आपल्या सोपाऱ्यालाही सापडलाय. त्यात म्हटलंय, लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात. करावेत, पण त्यांचं फळ थोडं. खरा मंगलविधी धम्माचा: दास-नोकरांशी नीट वागणं, गुरुजनांचा मान, प्राण्यांबाबत संयम, दान. यादीतले प्रसंग पुन्हा वाचा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा नवस आणि नव्या गाडीच्या चाकाखालचं लिंबू तिथेच बसतं. माणूस धास्तावतो तेव्हा तिकडे वळतो. अशोकाने त्याला परत फिरवलं नाही, आलाच आहेस तर नोकराशी नीट वाग म्हणाला.

या शब्दाने केलेला जाचही विसरायला नको. 'तू अमुक आहेस म्हणून हे तुझ्या वाट्याचं' हीच रीत जातिधर्म आणि स्त्रीधर्म या शब्दांत शिरली, तेव्हा तिने पिढ्यान् पिढ्या माणसं दाबली. तरी गंमत बघा, धर्मावर चिडायचा ज्यांना सर्वांत जास्त हक्क होता त्यांनी शब्द टाकला नाही. जोतीरावांनी त्याच्या आधी 'सार्वजनिक सत्य' हे शब्द जोडले. त्यांचं ते पुस्तक 1891 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा घेणाऱ्या बाबासाहेबांनी पाली रूप उचललं, धम्म, आणि नीती म्हणजेच धम्म असं मांडलं. नुसतं 'नीती' म्हणून भागत असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता? नीती पटते. पण रात्री दोनला गाडी काढायला लावणारं काहीतरी 'धर्म' या शब्दात आहे, असं मला आपलं वाटतं.

जाता जाता, जगण्यातल्या अर्थाच्या बाबतीतही मराठीने हेच केलंय, देवाचाच शब्द वापरलाय. बायको गेल्यावर आमचे एक काका, जन्माचे निरीश्वरवादी, म्हणाले, "आता कशात राम नाही राहिला." त्यांना दुसरा शब्द सुचवायची माझी काही हिंमत झाली नाही.

तेव्हा शेजाऱ्यांना खुशाल 'शेजारधर्म' म्हणू द्या. आणि लिहाल तेव्हा एक शब्द म्हणून लिहा. 'शेजार धर्म' असं तोडून नको, सामासिक शब्द आहे.