अश्वशक्ती, वॅट आणि 'युनिट'

दादरच्या एका वाचकाने विचारले आहे की, सोसायटीच्या पाण्याच्या पंपावर '५ एचपी' (हॉर्सपॉवर, म्हणजेच अश्वशक्ती) लिहिलेले असते, विजेचे बिल मात्र 'युनिट'मध्ये येते. मग यात वॅट कुठे बसतो, आणि यांपैकी कोणते एकक शोधकाच्या नावाचे आहे?

शोधकाचे नाव या तिघांत फक्त वॅटला आहे. ते जेम्स वॅट (१७३६–१८१९) या स्कॉटिश अभियंत्याचे. वाफेचे इंजिन त्याने शोधले असे सर्रास म्हटले जाते, ते बरोबर नाही. थॉमस न्यूकोमेन या इंग्रज संशोधकाची इंजिने वॅटच्या जन्माआधीपासूनच खाणींतले पाणी उपसत होती, आणि वॅटने त्यांना स्वतंत्र संघनक, म्हणजे वाफ थंड करून तिचे पाणी करणारा वेगळा भाग, जोडून (पेटंट १७६९) कोळशाचा खर्च पुष्कळ कमी केला. घोड्यांऐवजी इंजिन घेऊ पाहणाऱ्या गिऱ्हाइकांना त्याची ताकद कळावी, म्हणून त्याने हिशोबही घोड्याचाच मांडला: ५५० पौंड वजन एका सेकंदात एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. गंमत अशी की, त्याने ठरवलेले एकक घोड्याच्या नावावर गेले, आणि त्याच्या नावाचे एकक त्याच्या मृत्यूनंतर, १८८२ मध्ये, विल्यम सीमेन्स यांनी सुचवले. (सीमेन्स यांचे थोरले बंधू वेर्नर यांचेही नाव पुढे विद्युत्वाहकतेच्या एककाला मिळाले.) वाफेवर चालणाऱ्या मुंबईच्या कापडगिरण्यांना १९१५ पासून खोपोलीची जलविद्युत मिळू लागली, तरी मोटारींवरचे 'एचपी' आजही टिकून आहे.

एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट, म्हणून पाच एचपीचा पंप सुमारे ३.७ किलोवॅटचा ठरतो. हा आकडा मोटार देत असलेल्या शक्तीचा आहे. ती घेते त्याहून थोडी जास्तच.

'युनिट' हे शक्तीचे नव्हे, ऊर्जेचे एकक. एक किलोवॅट शक्ती तासभर वापरली की एक युनिट, म्हणजेच ३६ लाख ज्यूल, खर्च होते. हे दुसरे नाव इंग्लंडमधल्या सॅलफर्डच्या जेम्स प्रेस्कॉट ज्यूलचे. सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॅट, त्यामुळे वॅटमध्ये काळाचा हिशोब आधीच आलेला असतो. म्हणून 'पंप तासाला चार किलोवॅट खातो' हे वाक्य चुकीचे. 'पंप चार किलोवॅट घेतो' किंवा 'तासाला चार युनिट खातो' असे लिहावे. अनेकवचनासाठी 'वॅट्स' करण्याचीही गरज नाही. 'साठ वॅटचा दिवा' हेच मराठीत रुळलेले रूप आहे.