रोमन किल्ला खणायला गेलं की सोनं सापडतं का? मला अर्धी चप्पल सापडली

तुमचा प्रश्न असा आहे की इंग्लंडमध्ये रोमन किल्ल्याच्या उत्खननात सामान्य माणसाला खरंच खणायला देतात का, की नुसतं माती वाहायला ठेवतात, आणि काही सापडतं का.

देतात की. मी विंडोलांडा नावाच्या रोमन किल्ल्यावर दोन आठवडे खणून आलोय. इतिहासाशी आपला संबंध दहावीच्या पेपरापुरता, पोटापाण्याला सॉफ्टवेअर, पण न्यूकॅसलला राहतो आणि तिथून हा किल्ला तासाभरावर आहे म्हणून एका वर्षी सुट्टी टाकली आणि गेलो. माती पण वाहायला लागते हां, ती सगळ्यांनाच. तुम्ही खणलेली माती तुम्हीच ढकलगाडीत भरायची आणि फळीवरून ढिगाऱ्यापर्यंत न्यायची, पावसात ती फळी अशी काही घसरडी होते की पहिल्या दिवशी मी गाडीसकट आडवा झालो.

किल्ला म्हणून रायगड डोळ्यासमोर आणू नका. गोल कोपऱ्यांचा एक मोठा आयत, पत्त्यासारखा, आणि भिंती कुठे गुडघ्याएवढ्या कुठे कमरेएवढ्या. रोमन सम्राट हेड्रियनने उत्तर इंग्लंडात आडवी घातलेली भिंत, ती बांधायला घेतली इ.स. 122 ला, हा किल्ला त्याच्याही आधीचा, साधारण 85 चा, भिंतीच्या जरा दक्षिणेला. आणि हा एक किल्ला नाहीच, एकावर एक असे निदान नऊ आहेत. आधीचे लाकडी, नंतरचे दगडी. एक तुकडी बदली होऊन गेली की जुन्या बराकी पाडायच्या, आणि नवीन आलेले लोक त्या सगळ्या कचऱ्यावर चिकणमाती आणि गवताची ढेपळं पसरून वर आपलं बांधकाम करायचे. लोणच्यावर तेलाचा थर असतो ना, तसंच झालं. खाली हवा गेलीच नाही, त्यामुळे लाकूड, चामडं, कापड, जे इतर ठिकाणी कधीच कुजून गेलं असतं ते इथे जसंच्या तसं.

वरच्या थरात पहिला आठवडा गेला. हत्यार म्हणजे ट्रॉवेल, आपल्या गवंड्याची छोटी थापी समजा, त्याने माती खरवडत खरवडत मागे सरकायचं. खापरं, गुरांची हाडं, खिळे. हे इतकं निघतं की दोन दिवसांत आपण हाड बघून नुसतं ट्रेमध्ये टाकतो. पाऊस जास्त झाला की आत बसून टूथब्रशने खापरं धुवायची. हे काम मला जाम आवडलं, पण आमच्या गटातला एक जण दर वेळी तोंड पाडून बसायचा.

दुसऱ्या आठवड्यात खालच्या काळ्या थरात उतरलो आणि खरी मजा तिथे. आधी वास येतो, तुंबलेल्या गटारासारखा. मग जमिनीवर अंथरलेलं नेचं आणि पेंढा लागतो, बराकीत गालिच्यासारखा टाकलेला. ते नेचं उचकटलं तेव्हा चक्क पिवळसर हिरवं होतं, आणि मी बाजूच्याला हाक मारून बोलवेपर्यंत काळं पडायला लागलं. जवळजवळ दोन हजार वर्षांनी हवा लागली आणि माझ्यासमोर गेलं. त्यातच मला ती चप्पल सापडली, म्हणजे नुसता तळवा आणि तोही अर्धा, खाली लोखंडी खिळे ठोकलेले आणि टाचेकडे एका बाजूने झिजलेला. माझ्या तळहाताएवढा. सुपरवायझर बाई म्हणाल्या लहान मुलाचा आहे. इथे पाच हजारांच्या वर पादत्राणं निघालीत आणि त्यात बायकामुलांची पण आहेत, म्हणजे किल्ल्याच्या आत फक्त शिपाईगडी राहायचे हा समज गेला.

घरी न्यायला काही मिळत नाही, आधीच सांगतो. एक खिळा पण नाही.

सोन्याचं म्हणाल तर इथलं सोनं म्हणजे लाकडाच्या पातळ पट्ट्या, एक ते तीन मिलीमीटर जाडीच्या, शाईने लिहिलेल्या. 1973 साली इथे खणणारे पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना पहिल्यांदा सापडल्या तेव्हा त्यांना वाटलं रंध्याच्या ढलप्या आहेत. दोन चिकटलेल्या होत्या त्या सोडवल्या तर आत अक्षरं, आणि थोड्या वेळात ती अक्षरं दिसेनाशीही झाली. पुढे इन्फ्रारेड फोटो काढले तेव्हा परत वाचता आली. आणि मजकूर काय, तर तुला मोजे पाठवलेत, दोन जोड सँडल आणि दोन चड्ड्या. एका पट्टीवर तुकडीचा हजेरीपट आहे, 752 पैकी किल्ल्यावर 296 च हजर, बाकीचे इकडेतिकडे ड्युटीवर, आणि हजर असलेल्यांत 31 आजारी-जखमी, त्यातल्या दहा जणांचे डोळे आलेले. वाढदिवसाचं आमंत्रणही आहे.

मला सगळ्यात भारी वाटलेली नोंद वेगळीच आहे. गांबाक्स नावाचा एक शिपाई, टाप्पोचा मुलगा, त्याच्या नावावर दोन दिनारची (दिनार म्हणजे रोमन चांदीचं नाणं) काळी मिरी लिहिलीय. मिरी तेव्हा यायची ती आपल्याकडून, मलबारच्या किनाऱ्यावरून. कुठे केरळ आणि कुठे हा गारठ्यातला, सतत भिजणारा किल्ला! संध्याकाळी खोलीवर येऊन मी सूप केलं आणि त्यावर जास्तच मिरपूड मारली.

आता कामाचं. सीझन साधारण एप्रिल ते सप्टेंबर, पैसे आपण भरायचे (हो, राबायचे पण आपणच आणि भरायचे पण आपणच, बायको अजून हसते), राहायची सोय आपली आपण. पुढच्या वर्षाच्या जागा आदल्या हिवाळ्यातच उघडतात आणि पटापट संपतात, त्यामुळे विंडोलांडाच्या वेबसाइटवर लक्ष ठेवा. अनुभव लागत नाही, पहिल्या दिवशी शिकवतात. मात्र गुडघ्याखाली घ्यायला जाड पॅड न्या, मी नेलं नव्हतं, तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरायला लागला.