तक्ता छोटाच ठेव

घणसोलीच्या नव्या घरासाठी तू केलेला घरकामाचा तक्ता पाहिला. रंगीत आहे, पण केवढा मोठा! आठवडाभरात त्याची भिंतीवरची शोभा होईल.

रोजची चारच कामं ठेव: केर, ओटा, भांडी आणि ओला-सुका कचरा वेगळा करून बाहेर ठेवणं. शेवटचं गाळू नकोस. 2016च्या घनकचरा नियमांपासून हे वर्गीकरण घरातच करणं बंधनकारक आहे. शिवाय ओला डबा दोन दिवस राहिला तर इथल्या दमट हवेत चिलटं झालीच म्हणून समज.

बाकीची कामं वारांना वाटून दे. ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीतून घरी आल्यावर कुणी पंखे पुसत नाही, म्हणून कामाच्या दिवशी एकच हलकं काम: कपड्यांच्या घड्या, बेसिन, फ्रिजचा एखादा कप्पा. बाथरूम, चादरी शनिवारी. पंखे आणि जळमटं महिन्यातून एकदा. पावसाळ्यात कपाटांच्या मागची भिंतही बघत जा, बुरशी तिथेच धरते.

कामापुढे नाव हवंच. ‘दोघांनी’ लिहिलेलं काम शेवटी तूच करशील, हे लिहून ठेव. आणि ‘स्वयंपाकघर आवरणं’ असं मोघम लिहू नकोस; कुणाच्या लेखी ते ओटा पुसणं असतं, कुणाच्या लेखी डबे घासणं. (भांडणं इथेच होतात.)

भांड्यांना मावशी येत असतील तर त्यांच्या सुट्टीच्या दिवशी भांडी कोणाची, तेही आधीच ठरवा.

कागद फ्रिजवर लाव. पंधरा दिवसांनी जे काम सतत राहतंय त्याचा वार बदल.