मोठं विमान, लहान घर: वाचकांचे प्रश्न

जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या पस मॉथचं मोठं रेडिओ कंट्रोल मॉडेल करायचं आहे. घर म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या. केवढं करू? (गिरगाव)

निवड उत्तम. १५ ऑक्टोबर १९३२चं ते उड्डाण बाजूला ठेवलं, तरी पस मॉथ हे मॉडेलसाठी गुणी विमान आहे. पंख केबिनच्या वर असल्यामुळे ते हवेत शांत राहतं. खऱ्या विमानाचा पंखविस्तार सुमारे ११.२ मीटर. एक-चतुर्थांश प्रमाणात मॉडेल २.८ मीटरचं होतं, एक-पंचमांशात २.२४ मीटरचं. तुम्ही एक-पंचमांशच करा. पंख दोन तुकड्यांत ठेवा आणि मधून ॲल्युमिनियमची किंवा कार्बनची नळी घ्या. खऱ्या पस मॉथचेही पंख मागे दुमडायचे, तेव्हा यात तडजोड मानू नका.

धड दीड मीटर भरेल. लाकूड कापण्याआधी दीड मीटरची काठी घेऊन जिन्यावरून खाली उतरून बघा. वळणावर अडकते ती बहुधा लांबी नव्हे, शेपटीचा आडवा पंख. तो चिकटवू नका, स्क्रूने बसवा.

वजनाचा हिशेब आधी करा. मोजमाप दुप्पट केलं की पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. लहान मॉडेलमध्ये चाललेल्या सवयी इथे महागात पडतात त्या यामुळेच. खरं विमान भरलेल्या अवस्थेत साधारण ९३० किलोचं. त्याला पाचाच्या घनाने, म्हणजे १२५ने भागलं की साडेसात किलोच्या आत उत्तर येतं. तेवढ्यात बसवा. ३० ते ३५ सीसीचं पेट्रोल इंजिन पुरेल, ५० सीसीचा मोह टाळा.

पावसाळ्यात बांधणी सुरू ठेवावी का? बाल्सा (मॉडेलचं हलकं लाकूड) दमट लागतो आणि सुपरग्लू बाटलीतच घट्ट होतो. (ठाणे)

ठेवा, फक्त क्रम बदला. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे जुलैत तो भलताच उतावळा असतो. न उघडलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवा. चालू बाटली झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत राहू द्या. इंजिन ज्यावर बसतं त्या फायरवॉलला मात्र सुपरग्लू नको. तिथे अर्ध्या तासाचा इपॉक्सीच, आणि दोन्ही भाग डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे, काट्यावर तोलून.

पंख-धडावर प्लास्टिकची फिल्म चढवायचं काम ऑक्टोबरवर ढकला. ओल्या लाकडावर ताणलेली फिल्म लाकूड सुकलं की सुरकुतते. मग इस्त्री घेऊन बसावं लागतं.

आधीच्या दीड मीटरच्या विमानातले सहा सर्व्हो (पंखाच्या-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) चांगल्या स्थितीत आहेत. तेच नव्या सव्वादोन मीटरच्या विमानात वापरले तर? (डोंबिवली)

नको. जुने सर्व्हो साधारण ३-४ किलो-सेंटिमीटर ताकदीचे असतील. या आकाराला मेटल गिअरचे १० ते १५ किलो-सेंटिमीटरचे घ्या. दोन्ही एलेरॉनना (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांना) स्वतंत्र सर्व्हो द्या, एलिव्हेटरच्या (शेपटीच्या आडव्या पंखाच्या हलत्या पट्टीच्या) दोन्ही बाजूंनाही.

पण नुसता दमदार सर्व्हो घेऊन भागत नाही. रेडिओ चालू करा, सर्व्हो जागच्या जागी धरून राहू दे, आणि एलेरॉनची मागची कड दोन बोटांत धरून हलकेच वरखाली करा. कड जरा जरी सैल डुलली, तर तो ढिलेपणा कुठे आहे ते शोधा: हॉर्नच्या (पट्टीवर बसवलेल्या खुंटीच्या) मोठ्या झालेल्या भोकात, प्लास्टिकच्या क्लेव्हिसमध्ये (जोडचिमट्यात) की बारीक पुशरॉडच्या (सर्व्होपासून हॉर्नपर्यंतच्या सळईच्या) वाकण्यात. वेग वाढला की याच ढिल्या जागेतून कड थरथरू लागते. तो फ्लटर. बिजागऱ्या उखडायला त्याला फार वेळ लागत नाही. म्हणून बॉल लिंक (गोळीचे सांधे) आणि ३ मिमीचे पुशरॉड वापरा, बिजागरीतली फट टेपने बंद करा.

दुसरी चूक नेहमीची. हालचाल जास्त होते म्हणून लोक ट्रान्समीटरमध्ये सर्व्होचा प्रवास ५० टक्क्यांवर आणतात. त्यात ताकद आणि बारकावा दोन्ही वाया जातात. पुशरॉड सर्व्होच्या आर्मवर (फिरत्या दांडीवर) आतल्या भोकात आणि हॉर्नवर बाहेरच्या भोकात लावा. मग प्रवास १०० टक्क्यांच्या जवळ ठेवूनही कड हवी तेवढीच हलते.

बॅटरीही बदला. असे सहा सर्व्हो एकदम जोर लावतात तेव्हा चार सेलचा जुना पॅक दबतो. व्होल्टेज क्षणभर पडलं तरी रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतो, आणि तेवढा वेळ विमान कुणाच्याच ताब्यात नसतं. दोन लायफे (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) पॅक, दोन स्विच. इग्निशनची (इंजिनातली ठिणगी पाडणाऱ्या यंत्राची) बॅटरी तिसरी, आणि इग्निशनचं यंत्र रिसीव्हरपासून फूटभर तरी लांब.

सीजी (गुरुत्वमध्य) कुठे धरायचा? शेपूट जड होतेय. (पुन्हा गिरगाव, वेगळे वाचक, पस मॉथची साथ दिसतेय!)

एक-पंचमांश पस मॉथच्या पंखाची सरासरी रुंदी ३७ सेंटिमीटरच्या आसपास येते. पहिल्या उड्डाणाला सीजी २७ टक्क्यांवर, म्हणजे पुढच्या कडेपासून १० सेंटिमीटरवर ठेवा. टाकी रिकामी, बॅटऱ्या जागेवर, आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी उचलायचं. नाक जड असेल तर विमान कंटाळवाणं उडतं. शेपूट जड असेल तर ते परत येईलच असं नाही.

नाकात शिसं भरण्याआधी मागचं वजन उतरवा. नाक आखूड आहे, शेपूट लांब. मागचे १०० ग्रॅम तोलायला पुढे त्याच्या दुप्पट-तिप्पट शिसं लागू शकतं. शेपटीतले सर्व्हो केबिनमध्ये आणा, बॅटऱ्या फायरवॉलला टेकवा.

इंजिन सोसायटीच्या गच्चीवर सुरू करून बघू का? (मुलुंड)

नाही. सेक्रेटरी काय म्हणतील ते सोडा. १८ इंची प्रोप (पुढचा पंखा) मिनिटाला ७,००० फेऱ्यांनी फिरतो, तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी ६०० किलोमीटरच्या घरात जातो. मोकळं मैदान हवं, शेपूट खुंट्याला बांधलेली हवी, आणि प्रोपच्या रेषेत कुणी उभं नको. इग्निशनचा किल स्विच (इंजिन तत्काळ बंद करणारा) आधी तपासा. ट्रान्समीटर बंद केला की थ्रॉटल खाली येतो ना, हेही जमिनीवरच बघून घ्या.

पेट्रोलला सिलिकॉनची नळी चालत नाही, फुगते. पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल किती, ते इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणे. ३०:१ लिहिलं असेल तर लिटरला ३३ मिली. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी मुरतं, त्यामुळे टाकीत ते शिल्लक ठेवू नका.

मग उडवायचं कुठे? जुहूच्या वाळूवर? (विलेपार्ले)

कल्पना रम्य आहे, पण जुहूचा विमानतळ चालू आहे आणि सांताक्रूझचा त्याला लागूनच. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काहीच उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत, त्यापलीकडच्या हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत. शहराचा बराच भाग यातच संपतो, आणि आता नवी मुंबईचा विमानतळही मोजायला हवा. २५ किलोपर्यंतची, छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायची मॉडेल टाइप सर्टिफिकेटमधून (नमुन्याच्या सरकारी मान्यतेतून) सुटतात. याचा अर्थ बाकीचे नियम सुटले असा नव्हे. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा आदल्या दिवशी बघा.

भातकापणीनंतर कर्जत-मुरबाडकडची शेतं मोकळी होतात. मालकाला विचारा, आणि धावपट्टी बांधांना आडवी धरू नका, लँडिंग गिअर तिथेच राहतो. लोकलने जाणार असाल तर टाकी घरीच रिकामी करून, वास जाईपर्यंत उघडी ठेवा. लोकलमधून पेट्रोल नेणं हा गुन्हा आहे. इंधन कर्जतच्या पंपावर घ्या, ऑइल तेवढं बरोबर ठेवा.