डोलकाठीचा रंग फुगतो, काय करू?

प्रश्न : मुंबईहून एन्टरप्राइज जातीची जुनी शिडाची होडी घेतली. तिची ॲल्युमिनियमची डोलकाठी आणि बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) धरमपेठेतल्या आमच्या गच्चीवर आहेत. स्टीलच्या पट्ट्यांभोवती रंग फुगलाय, खाली पांढरी भुकटी दिसते. मे महिन्याच्या सुट्टीत खरवडून ऑइलपेंट मारावा म्हणतो. चालेल?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : मे महिना आधी डोक्यातून काढा. आपल्याकडच्या ४५ अंशांत तापलेल्या नळीवर रंगाची साय लगेच धरते, आतला थिनर अडकतो आणि बारीक फोड येतात. डिसेंबर-जानेवारी धरा. तेव्हाही नळीवरचं दव पूर्ण वाळल्याशिवाय ब्रश हातात घ्यायचा नाही, आणि दुपारी तीनला काम थांबवायचं.

आता मूळ दुखणं. ती भुकटी म्हणजे झिजलेलं ॲल्युमिनियम. स्टेनलेसचा स्क्रू, ॲल्युमिनियमची नळी आणि मध्ये खारा ओलावा, एवढं जमलं की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि तीत ॲल्युमिनियम खाल्लं जातं. होडी आता गोड्या पाण्यात चालवाल, पण मुंबईचं मीठ पट्ट्यांखाली बसलेलंच आहे. मी माझ्या पहिल्या काठीवरचा एक क्लीट (दोर अडकवायची खुंटी) निघेना म्हणून तसाच ठेवून भोवती रंगवलं. दुसऱ्या वर्षी तिथेच फोड आला. क्लीट उचकटला तर खाली करंगळी जाईल एवढं भोक! चांगली काठी माझ्या आळसामुळे गेली, त्याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून सगळं उतरवा, आधी फोटो काढून. आतला दोर ओढण्यापूर्वी त्याच्या टोकाला सुतळी शिवा, म्हणजे परत ओवता येईल. रिबिटं ड्रिलने काढा. अडकलेल्या स्क्रूवर जबरदस्ती नको. गंज सोडवायचं तेल रात्रभर मुरू द्या, सकाळी ते पुसून हॉट एअर गनने ऊब द्या. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, पकड सुटते.

नळी आतून-बाहेरून दोनतीनदा धुवा. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०. उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच धरू लागतो, तेव्हा घासाल त्याच दिवशी ॲल्युमिनियमला चालणारा इपॉक्सी प्रायमर लावा. इपॉक्सी उन्हात टिकत नाही, वर दोन डब्यांचा (एकात रंग, दुसऱ्यात तो कडक करणारा हार्डनर) पॉलियुरेथेन हवाच. साधा ऑइलपेंट इथे नको. मात्र पॉलियुरेथेनचा हार्डनर फुफ्फुसाला घातक असतो. घरी स्प्रे अजिबात करू नका. रोलर आणि ब्रश वापरा, रसायनांच्या वाफेसाठीचा मास्क घाला, मुलांना गच्चीवर येऊ देऊ नका.

पट्ट्या परत बसवताना प्रत्येकीखाली नायलॉनचा पातळ तुकडा आणि स्क्रूच्या आट्यांना टेफ-जेल (दोन धातूंमध्ये ओलावा शिरू न देणारं मलम). जिथे शिडाचा ताण येतो, तिथे मोनेलची (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची) रिबिटं. शेंड्याची कप्पी बोटाने फिरवून बघा, मधलं भोक लांबट झालं असेल तर बदला. बूम काठीला जोडणारा सांधाही तसाच तपासा.

आणि एक. जवळपास वीस फुटांची ही काठी जिन्यात वळणार नाही, गच्चीवरूनच दोराने उतरवाल. त्याआधी घरापाशी विजेच्या उघड्या तारा कुठून जातात ते नीट बघून घ्या. ॲल्युमिनियम तारेला टेकलं तर हातातून सोडायलाही वेळ मिळत नाही. खाली दोन माणसं उभी करा आणि एकाने फक्त तारांवर नजर ठेवायची.