स्पेल्ट गहू : शिजवणे, मळणे आणि साठवणे

प्रश्न : स्पेल्टचे अख्खे दाणे तासभर शिजवूनही चिवट लागतात आणि साध्या गव्हाच्या मापाने पाव करायला घेतला, तर मळलेला गोळा पसरून जातो. दाणे आणि पीठ जास्त दिवस टिकवण्यासाठी काय करावे, हेही कृपया सांगावे.

उत्तर : दाण्यांवरचा कोंडा शाबूत असेल, तर पाणी आत शिरायला वेळ लागतो, म्हणून दाणे रात्रभर भिजत घालावेत आणि ते पाणी काढून टाकून एका वाटीला तीन वाट्या ताजे पाणी घालून मंद आचेवर चाळीस ते साठ मिनिटे शिजवावेत. घड्याळापेक्षा दाण्यावर विश्वास ठेवावा. एक दाणा मधोमध कापून पाहावा : आत पांढरा, पिठूळ ठिपका दिसला तर तो अजून कच्चा आहे. मात्र पूर्ण शिजल्यावरही हा दाणा थोडा चावून खावा लागतो आणि माझ्या मते तीच त्याची खरी गोडी आहे. कोंडा घासून काढलेले दाणे भिजवावे लागत नाहीत, ते अर्ध्या तासाच्या आत शिजतात.

पावाचा गोळा पसरतो, त्याचे कारण ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हातील चिवट प्रथिनांमध्ये आहे. स्पेल्टमध्ये ग्लुटेन भरपूर असते; परंतु त्यात गोळ्याला ताण देणाऱ्या ग्लुटेनिनच्या मानाने त्याला सैल करणाऱ्या ग्लायडिनचे प्रमाण जास्त असल्यामुळे गोळा ताणला जातो, पण पुन्हा आपल्या आकारात येत नाही. म्हणून नेहमीच्या पाण्यापैकी दहावा भाग सुरुवातीला बाजूला ठेवावा आणि गरज भासली तरच तो घालावा. हाताने तीन-चार मिनिटे हळुवार मळणे पुरेसे आहे, कारण जास्त मळल्यास मघाशी गुळगुळीत असलेला पृष्ठभाग फाटू लागतो आणि गोळा बोटांना चिकटतो. तो फुगतोही लवकर. तेव्हा दुप्पट होण्याची वाट न पाहता थोडा आधीच, शक्यतो साच्यात घालून, भट्टीत ठेवावा. ज्यांना सिलिअ‍ॅक आजार (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा विकार) आहे, त्यांनी स्पेल्ट अजिबात खाऊ नये. हे धान्य प्राचीन असले, तरी तो गहूच आहे.

साठवणुकीत दाणा आणि पीठ यांना एकच नियम लावता येत नाही. मळणीनंतरही स्पेल्टच्या दाण्याला तूस घट्ट चिकटून राहते आणि दाण्याचे रक्षण करते. पण आपल्या हाती येणारा दाणा बहुधा तूस काढलेला असतो. तोही पूर्ण कोरडा असल्यास हवाबंद डब्यात, थंड व अंधाऱ्या जागी वर्षभर चांगला राहतो. अख्ख्या दाण्याच्या पिठाचे मात्र तसे नाही. दळताना अंकुरातील तेल मोकळे होते, त्याचा हवेशी संपर्क येतो आणि उष्ण जागी काही आठवड्यांतच ते खवट होऊ लागते. ताज्या पिठाला गोडसर वास असतो. जुन्या तैलरंगासारखा वास आला किंवा चिमूटभर पीठ जिभेवर कडवट लागले, तर ते टाकून द्यावे. म्हणून शक्य असेल तर दाणे साठवावेत आणि पीठ लागेल तेवढेच दळावे. उरलेले पीठ फ्रीजमध्ये दोन-तीन महिने आणि फ्रीझरमध्ये सहा महिने टिकते.

किडीची शंका असल्यास दाणे उणे 18 अंश सेल्सिअस तापमानाला किमान चार दिवस ठेवावेत, म्हणजे अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नये. तो खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावा, नाहीतर थंड दाण्यांवर बाष्प जमून बुरशी धरते.