गॅदरिंगचा पहिला गिग: घुंई, मुंग्या आणि नवा प्रोसेसर

प्रश्न थोडक्यात असा: चौघांचा बँड. दोन गिटार, बेस, ड्रम्स. एक गिटारवालाच गातो. महिन्याभरात कॉलेजच्या मैदानावर गॅदरिंग. सरावाच्या खोलीत गिटारमधून सतत घुंई येते, गाताना माइकला ओठ लागला की मुंग्या येतात, आणि सगळे जोरात वाजवायला लागले की गाणंच ऐकू येत नाही. सोबत पेडलांचा, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाशी ठेवायच्या डब्यांचा, फोटो. वर्गणी काढून मल्टि-इफेक्ट प्रोसेसर (सगळे इफेक्ट एकाच डब्यात) घ्यावा का?

नका घेऊ. तिन्हीपैकी एकही तक्रार त्याने जाणार नाही. आणि तिघांत आधी बघायची ती मुंग्यांची.

गिटारच्या तारा ब्रिजखालच्या (खालच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीखालच्या) एका बारीक वायरने जॅकच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. तिथून केबलच्या जाळीतून त्या अ‍ॅम्पच्या पत्र्यापर्यंत पोचतात. माइकची जाळीही अशीच मिक्सरच्या पत्र्याला जोडलेली. म्हणजे हात तारांवर आणि ओठ माइकवर असले की गाणारा हाच अ‍ॅम्प आणि मिक्सर यांच्यामधली वायर. दोन्हीकडे अर्थिंग नीट असेल तर काहीच जाणवत नाही. एका बोर्डात अर्थ नसेल तर त्या पत्र्यावर पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरमधून गळती होऊन शंभरेक व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी कमी, म्हणून नुसती चुणचुण. पण त्याच अ‍ॅम्पच्या आत कधी फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली, तर अर्थ नसल्यामुळे फ्यूज उडत नाही आणि पूर्ण २३० व्होल्ट तारांवर येतात. 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी इथे भर कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून विजेच्या धक्क्याने मरण पावला. तेव्हा 'थोडं लागतं, चालायचंच' हे वाक्य बँडमध्ये बंद.

मैदानावर वीज मंडपवाल्याची किंवा जनरेटरची असते, आणि जनरेटरची अर्थ सळई जमिनीत ठोकायची राहून जाणं ही नेहमीची गोष्ट. साधा मल्टिमीटर जवळ ठेवा. एसी व्होल्टच्या सर्वांत वरच्या रेंजवर फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. फेज-अर्थ मध्येच कुठेतरी ८०-१२० दाखवत डोलत असेल तर अर्थ मेलेला आहे असं समजा. हे आकडे डेकोरेटरच्या इलेक्ट्रिशियनला दाखवा. दुरुस्ती त्याने करायची, तुम्ही नाही. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका, निऑनचा दिवा गळतीवरही पेटतो. शेवटची तपासणी गाण्याआधी: मीटरची एक सळई गिटारच्या तारेला, दुसरी माइकच्या जाळीला. एक-दोन व्होल्टच्या आत असेल तर गा. वीस-तीस दाखवलं तर वायरिंग सुधारेपर्यंत माइकपासून लांब. माइकवर स्पंजची टोपी घातली की मुंग्या जाणवत नाहीत, पण घामाने ती भिजते आणि कारण तर जागेवरच असतं.

आता घुंई. इथे बरेच जण अ‍ॅम्पच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाकतात किंवा दोन पिनचा कन्व्हर्टर लावतात. घुंई खरोखर जाते, कारण अ‍ॅम्प आणि मिक्सर दोन वेगळ्या रस्त्यांनी अर्थ झाल्यामुळे तयार झालेला लूप तुटतो. पण जीव वाचवणारा रस्ताही तोच होता. लूप तोडायचा तर सिग्नलच्या बाजूने तोडा: सगळे अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच फेजच्या एकाच मुख्य बोर्डावरून चालवा, आणि बेस मिक्सरला देताना मध्ये डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) लावून त्याचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे तिथली ग्राउंडची जोड तोडणारं, बटण दाबा. लाइटवाल्याचे डिमर (दिवे कमी-जास्त करणारे) मात्र दुसऱ्या फेजवर जाऊ द्या.

घुंई नेमकी कुठून येते हे पाच मिनिटांत कळतं. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. आवाज गेला तर दोष पिकअपकडे (तारांखालचं चुंबक आणि कॉइल). नाही गेला तर सगळे पेडल काढून गिटार सरळ अ‍ॅम्पमध्ये लावा. तरीही असेल तर अ‍ॅम्पमधून केबलच उपसा. त्यावरही घुंई राहिली तर अ‍ॅम्प किंवा वीज. पिकअपचा दोष असेल तर जागेवर उभं राहून हळूहळू वळा. सिंगल कॉइल पिकअप हा चक्क अँटेना असतो, एका कोनात घुंई निम्म्याहून कमी होते. स्टेजवर तोच कोन धरून उभं राहायचं. (हंबकर हे दोन कॉइलचं पिकअप याच दुखण्यावर निघालं. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला तेव्हा कल्पना एवढीच होती की उलट गुंडाळलेली दोन कॉइल्स उलट चुंबकांवर ठेवली की घुंई एकमेकांत कटते आणि तारेचा आवाज मिळून येतो.) तारांना हात लावल्यावर घुंई कमी होणं ठीक आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर ब्रिजची वायर सुटलेली आहे किंवा पुन्हा अर्थिंगचाच घोळ आहे.

कानानेही फरक कळतो. खालचा गोल 'हूंऽऽ' म्हणजे बहुतेक अर्थ लूप, खरखरीत 'घर्रर्र' म्हणजे डिमर किंवा स्वस्तातला अ‍ॅडॉप्टर, आणि बारीक 'चींऽ' म्हणजे डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) आणि ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारं पेडल) एकाच अ‍ॅडॉप्टरच्या माळेवर आहेत. तुमच्या फोटोत तशीच माळ दिसते आहे. ओव्हरड्राइव्हला दहा-वीस मिलिअँपिअर पुरतात, डिजिटल पेडलला पन्नास ते शंभर, मोठ्याला तीनशेही. खर्च करायचाच असेल तर प्रत्येक आउटपुट खरोखर आयसोलेटेड असलेला पॉवर सप्लाय घ्या. ९ व्होल्ट, मधली पिन निगेटिव्ह, हे प्रत्येक पेडलवर वाचून मगच लावा. एकाची पोलॅरिटी उलटी निघाली तर जातं ते पेडल, सप्लाय नाही.

केबलबद्दल थोडं सविस्तर, कारण गिगमध्ये सर्वांत जास्त मरते ती केबल. प्लगचं टोपण फिरवून उघडा. मधल्या छोट्या कानाला आतली तार, बाहेरच्या लांब पट्टीला जाळी. मधली तार सुटली तर आवाज गप्प होतो. जाळी सुटली तर भसाभस घुंई येते. जाळी बहुधा पट्टीच्या चिमट्यापाशी, वाक पडतो तिथेच तुटते. तेवढा भाग कापून पुन्हा डाग द्यायला २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. डाग देताना एक गोष्ट हमखास चुकते: काही केबलमध्ये जाळीखाली, आतल्या तारेच्या आवरणावर काळ्या प्लास्टिकचा पातळ थर असतो. तो वीज वाहतो. चार-पाच मिलिमीटर मागे सोलला नाही आणि मधल्या कानाला टेकला तर केबल 'चालते', पण आवाज दबका, अंगात ताप असल्यासारखा. मग माणूस पिकअपला दोष देत बसतो. आणि स्पीकरची केबल गिटारला लावू नका. तिला जाळी नसते.

तिसरी तक्रार आवाजाची. घरी एकट्याने ऐकताना मिड खाली, बेस-ट्रेबल वर आणि गेन (आवाज फाडणारं बटण) भरपूर हे छान लागतं. बँडमध्ये तो आवाज गायब होतो, कारण खालच्या सुरांत बेस आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), वरच्या सुरांत झांजा त्याला झाकतात. गेन निम्मा करा, बेस ४, मिड ७, ट्रेबल ५ पासून सुरुवात करा. दोन्ही गिटारवाल्यांनी एकच सेटिंग ठेवू नका. अ‍ॅम्प जमिनीवर असेल तर बारा इंची स्पीकरचा झोत तुमच्या पोटऱ्यांवर जातो. तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून तुम्ही वाढवता, आणि पहिल्या रांगेचे कान जातात. खुर्चीवर ठेवा, मागे कलता ठेवा. मग व्हॉल्यूम स्नेअर ड्रमच्या बरोबरीला. गाणं ऐकू यायचं असेल तर दुसरा मार्ग नाही, कारण मिक्सरवरचा माइकचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) शिट्टी वाजेपर्यंतच वर जातो. एसएम ५८ सारख्या कार्डिऑइड (समोरचं जास्त, मागचं कमी ऐकणाऱ्या) माइकसाठी मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, बरोबर माइकच्या शेपटीच्या दिशेला हवा, आणि माइकचा गोळा मुठीत धरायचा नाही. धरला की तो सगळीकडचं ऐकायला लागतो.

बाकीचं झटपट. तारा आदल्या दिवशी बदलू नका. दोन दिवस आधी, ताणून ताणून बसवून. एसी खोलीत लावलेली गिटार स्टेजच्या दिव्यांखाली गरम होऊन उतरते, म्हणून शेवटची जुळणी तिथेच करा. तार पिळताना 'टिक' आवाज येऊन सूर उडी मारत असेल तर नटच्या (गिटारच्या डोक्याजवळच्या पट्टीच्या) खाचेत शिसपेन्सिल घासा. ड्रमर स्वतःचं स्नेअर, झांजा, किकचं पेडल आणि अंगठ्याएवढी ड्रम की (ड्रम आवळायची किल्ली) आणेल. किकखाली सतरंजी हवीच, नाहीतर तिसऱ्या गाण्यात किक पुढे चालायला लागते. तीस मिनिटांत सहा गाणी बसतात, सात नाही.

रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांतला आहे आणि मैदानावर तो तुमच्या शेवटच्या गाण्यावरच येतो. मुंबईत इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवाची वर्षानुवर्षांची जागा असलेलं धोबी तलावचं रंगभवन हे खुलं नाट्यगृहही शांतता क्षेत्रात मोडल्यानेच मैफलींना मुकलं. म्हणून तुमचं सर्वांत जमलेलं गाणं शेवटी राखून ठेवू नका, तिसरं घ्या.

आणि आवरताना केबल कोपरावर गुंडाळू नका. प्रत्येक वेढ्याला पीळ पडतो आणि चार-सहा महिन्यांत वर सांगितलेली जाळी तिथेच तुटते. एक वेढा सरळ, एक उलटा, वर वेलक्रोची पट्टी.